स्वबांधणीच्या विमानातील शीतन-मुखे : घोरावाडीच्या हवेतील एक हिशेब

विमानाच्या एंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी प्रॉपेलर फिरविण्याच्या कामी येते ती फार तर एक चतुर्थांश ते तीन दशांश. चाळीस ते पंचेचाळीस टक्के उष्णता धुराबरोबर बाहेर पडते, थोडी घर्षणात व तेलात जाते, आणि उरलेली, म्हणजे साधारणतः पंधरा ते वीस टक्के, सिलिंडरच्या भिंतीतून व त्यांवरील धातूच्या पातळ पात्यांतून बाहेरच्या हवेला द्यावी लागते. शंभर अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण जोराने चालत असता ही शेवटची बाबच 45 ते 50 किलोवॅट भरते. एवढी उष्णता अखंड वाहून नेण्यासाठी विमानाच्या नाकावर किंवा पोटाखाली जी हवाग्राही मुखे ठेवलेली असतात, त्यांना कारागीर स्कूप म्हणतात. एंजिन पुरेसे थंड व्हावे, परंतु या मुखांमुळे विमानाला होणारा हवेचा रोध कमीत कमी असावा, या दोन मागण्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ परदेशी हौशी बांधकऱ्यांचा राहिलेला नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनांचे विमान फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर 2017 मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ‘व्हीटी-एनएमडी’ या चिन्हाने त्याची नोंद केली. मोठ्या कारखान्याजवळ वातविवर असते, मोजमापांची यंत्रे असतात आणि एका विमानाची चूक दुसऱ्यात सुधारता येते. एकट्याने विमान बांधणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नसते. एंजिनाचे कवच, म्हणजे काउलिंग, तो बहुधा एखाद्या प्रसिद्ध विमानाचे छायाचित्र पाहून घडवितो, आणि पहिल्याच उड्डाणात सिलिंडरच्या माथ्याचे तापमान चढू लागले की कानस घेऊन मुख आणखी रुंद करतो. या उपायाने रोध वाढतो हे नक्की. तापमान उतरेल याची मात्र शाश्वती नाही. असे का व्हावे, हे समजले तर या विषयातील निम्मे काम झाले असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम हवेचा विचार करू. या विषयावरील बहुतेक कोष्टके समुद्रसपाटीवरील 15 अंश सेल्सियसची प्रमाण हवा धरून केलेली असतात. आपल्याकडे ती हवा क्वचितच मिळते. उदाहरणादाखल पुणे-लोणावळे लोहमार्गावरील घोरावाडीचे ठिकाण घेऊ. मावळच्या या पट्ट्याची उंची ढोबळमानाने 600 मीटर धरली तर तेथे हवेचा दाब सुमारे 943 मिलिबार येतो; आणि एखाद्या उष्ण दुपारी तापमान 40 अंश असेल, तर एका घनमीटर हवेचे वजन 1.225 किलोग्रॅमऐवजी अवघे 1.05 किलोग्रॅम भरते. म्हणजे हवा सातव्या हिश्श्याने विरळ झाली. वेगदर्शकावर तोच आकडा ठेवून वैमानिक चढत राहिला तर मुखाशी मिळणारा दाब तोच राहील, परंतु त्या दाबाने एंजिनातून ढकलल्या जाणाऱ्या हवेचे वस्तुमान सुमारे सात टक्क्यांनी कमी होईल. शिवाय सिलिंडरचा माथा 220 अंशांवर असेल, तर त्याच्या व हवेच्या तापमानातील अंतर 205 अंशांवरून 180 अंशांवर येते. हवा थोडी आणि तीही आधीच तापलेली, असा हा दुहेरी तोटा आहे. विरळ हवेत एंजिनाची शक्तीही घटते व त्यामुळे उष्णताही थोडी कमी निर्माण होते हे खरे. पण मग चढण्याची गती मंदावते आणि डोंगर ओलांडण्याइतकी उंची गाठेपर्यंत एंजिनाला अधिक काळ पूर्ण जोराने राबावे लागते. पश्चिमेस लोहगड हजार मीटरांहून उंच आहे हे ध्यानात घेतले म्हणजे हा विलंब किरकोळ नाही हे पटेल. लायकमिंग या अमेरिकन कारखान्याच्या अनेक एंजिनांना माथ्याच्या तापमानाची अंतिम मर्यादा 260 अंश आहे, आणि एंजिनाला दीर्घायुष्य हवे असल्यास ते सतत 225 अंशांच्या आत ठेवावे असा कारखान्याचा सल्ला आहे. त्यापुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद झपाट्याने उतरते. माथ्याला तडा जातो, झडपा जळतात, क्वचित इंधन वेळेआधीच पेटून पिस्टनला भोक पडते. एकाच एंजिनाच्या विमानाला, खाली मावळातील भातखाचरे असता, हे परवडणारे नाही.

आता मुखाकडे वळू. वाऱ्यासमोर ठेवलेले भोक हवा आत ओढून घेते, ही समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. घोरावाडीजवळच्या घोरवडेश्वराच्या डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. अशा एखाद्या लेण्याच्या तोंडावर आषाढातला वारा सरळ आदळत असला तरी आतल्या खोलीत दिव्याची ज्योत हालत नाही, कारण आत शिरलेल्या हवेला मागे वाट नाही. तोंडाशी दाब पूर्ण असतो. प्रवाह मात्र शून्य. तोच दगडी कक्ष मागून फोडला तर वारा भरारा वाहू लागेल, आणि किती वाहील हे पुढच्या तोंडापेक्षा मागच्या भोकावर अधिक अवलंबून राहील. काउलिंगचेही असेच आहे. पुढचे मुख हवेचा दाब गोळा करते. किती हवा जावयाची ते एंजिनातील अडथळा आणि मागचे निर्गमद्वार ठरवितात. निर्गमद्वार अपुरे असता मुख वाढविले तर जादा हवा आत न जाता मुखाच्या कडेवरून बाहेर सांडते, आणि ती सांडताना कवचावरील सुरळीत प्रवाह मोडते.

मुखासमोर मिळू शकणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपले कल्पित विमान ताशी 140 किलोमीटर वेगाने चढते व ताशी 210 किलोमीटर वेगाने सरळ जाते असे धरू. वर सांगितलेल्या हवेत हा गतिज दाब चढताना पाण्याच्या स्तंभाचे सुमारे 81 मिलिमीटर, व सरळ उड्डाणात सुमारे 182 मिलिमीटर भरतो. एंजिनाला सर्वाधिक थंड हवा लागते ती चढताना, आणि नेमका तेव्हाच दाब सर्वांत कमी असतो. शीतनाच्या आखणीतील मूळ पेच हाच आहे.

हवेला 60 अंशांनी तापू द्यावयाचे ठरविले तर शंभर अश्वशक्तीसाठी दर सेकंदाला सुमारे 0.8 किलोग्रॅम, म्हणजे पाऊण घनमीटर हवा लागेल. ती विमानाच्या निम्म्या वेगाने मुखात शिरावी असे धरल्यास मुखांचे एकूण क्षेत्रफळ 390 चौरस सेंटिमीटर येते. प्रॉपेलरच्या दोन बाजूंस 16 सेंटिमीटर व्यासाचे एकेक वर्तुळ पुरे. हवेचा वेग निम्म्यावर का आणावा? कारण पात्यांच्या फटींतून हवा ढकलावयास वेग नव्हे, दाब लागतो; वेगाचे दाबात रूपांतर झाले पाहिजे. हे रूपांतर बंद नळी हळूहळू रुंदावून करता येते. परंतु तिच्या भिंतींमधील एकूण कोन सात ते दहा अंशांपलीकडे गेला की प्रवाह भिंतीपासून सुटतो, भोवरे होतात आणि दाब हाती लागत नाही. प्रॉपेलर व पहिला सिलिंडर यांच्यामध्ये जी वीतभर जागा असते तीत एवढी सावकाश रुंदावणारी नळी बसविणे अवघड. याउलट मुख पुरेसे मोठे असले तर हवा मुखापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, मोकळ्या अवकाशात, मंदावते. तेथे भिंतच नसल्याने प्रवाह सुटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. निम्म्या वेगाने शिरणाऱ्या हवेने आपला तीन चतुर्थांश गतिज दाब बाहेरच स्थिर दाबात बदललेला असतो. मात्र सरळ उड्डाणात त्याच मुखातून 0.55 किलोग्रॅमच हवा जात असेल, तर तिचा शिरण्याचा वेग विमानाच्या वेगाच्या चौथ्या हिश्श्याखाली येतो व उरलेली हवा ओठावरून वळून बाहेर जाते. म्हणून ओठ जाड व गोलसर असावा. पत्र्याची धारदार कड दिसावयास वेगवान असली तरी तिच्यावरून वळताना हवा हटकून सुटते. छायाचित्रे पाहून घडविलेल्या काउलिंगांत हा दोष फार आढळतो.

मुखातून आलेली हवा आत कोठे जाते, याकडे बांधणारे सर्वांत कमी लक्ष देतात. आडव्या समोरासमोरच्या सिलिंडरांच्या एंजिनात हवा वरच्या कप्प्यात साठवून पात्यांमधून खाली उतरविण्याची पद्धत रूढ आहे. वरचा व खालचा कप्पा वेगळे ठेवण्यासाठी पत्र्याचे आडोसे घालतात व त्यांच्या कडेला रबरी पट्ट्या लावून त्या काउलिंगला टेकवितात. दोन कप्प्यांच्या दाबांतील फरक हेच शीतनाचे भांडवल. पट्टी उलटी वळली, कोपऱ्यात बोटभर फट राहिली किंवा दोन सिलिंडरांच्या मधला आडोसा सैल बसला, की हवा पात्यांची अरुंद वाट सोडून त्या फटीतून निघून जाते. तिने उष्णता घेतलेली नसते. तिचा रोध मात्र विमानाने सोसलेला असतो. मोठे मुख कापण्याचे काम अर्ध्या तासाचे आणि फटी बुजविण्याचे काम चार दिवसांचे, म्हणूनच बहुधा पहिले आधी केले जाते. माझ्या मते काउलिंग चढविल्यावर आत विजेचा दिवा ठेवून अंधारात बाहेरून पाहण्याची जुनी रीत आजही सर्वांत उपयुक्त आहे. जेथून उजेड येतो तेथून हवा जाते. सिलिंडरच्या बुडाशी आडोसा पात्यांना चांगला वळसा घेऊन जवळ आलेला हवा, नाहीतर मागची बाजू, जिच्यावर वारा आपोआप येत नाही, ती तापतच राहते.

आडोशांचे हे महत्त्व ध्यानात येण्यास विमानविद्येला तशी पंचवीस वर्षे लागली. आरंभीच्या विमानांत सिलिंडर उघडे वाऱ्यात ठेवीत. झाकले तर तापतील असेच सर्वांना वाटे. 1928 साली अमेरिकेतील लँग्ले प्रयोगशाळेत फ्रेड वीक व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तुळाकार एंजिनाला संपूर्ण झाकणारे कवच तयार केले, तेव्हा रोध फार मोठ्या प्रमाणावर घटला व नीट आडोसे घातल्यास एंजिन थंडही राहते असे दिसून आले. या कामाबद्दल 1929 सालचे कॉलियर पारितोषिक त्या संस्थेला मिळाले.

आता रोधाचा हिशेब करू. शीतनाच्या हवेमुळे होणारा रोध म्हणजे त्या हवेने गमावलेला संवेग: दर सेकंदास जाणारे वस्तुमान गुणिले, विमानाचा वेग उणे हवेचा मागे बाहेर पडण्याचा वेग. या एका वाक्यात शीतन-मुखाचे सारे अर्थशास्त्र आहे. हवा कमी घ्यावी, आणि घेतलेली हवा शक्य तेवढ्या वेगाने, विमानाच्या दिशेला समांतर, मागे सोडावी. आपल्या विमानाचे निर्गमद्वार चढताना 0.8 किलोग्रॅम हवा जाईल एवढे, म्हणजे सुमारे 580 चौरस सेंटिमीटर ठेवले, व हवा त्यातून विमानाच्या वेगाच्या चार दशांशाने बाहेर पडते असे धरले, तर तेच द्वार सरळ उड्डाणात तसेच राहिल्यास हवेचे प्रमाण वेगाबरोबर वाढून 1.2 किलोग्रॅम होते. गरज 0.55 ची असता दुपटीहून अधिक हवा विनाकारण एंजिनावरून ओढली जाते. तिचा रोध सुमारे 42 न्यूटन. तो ओढण्यास सव्वातीन अश्वशक्तीहून थोडी जास्त शक्ती खर्ची पडते. सत्तर अश्वशक्तीने जाणाऱ्या या विमानाच्या प्रॉपेलरचा एकूण जोर सुमारे 700 न्यूटन धरला, तर हा सहा टक्के कर झाला. उलट निर्गमद्वार झडपेने 150 चौरस सेंटिमीटरपर्यंत मिटविले आणि हवा सात दशांश वेगाने बाहेर सोडली, तर रोध दहा न्यूटनांच्या आत येतो व खर्च पाऊण अश्वशक्तीवर उतरतो. मुखाचा आकार दोन्ही प्रसंगी तोच आहे, हे लक्षात घ्यावे. बाहेर पडणारी हवा तापून पसरलेली असते, तिला शिरताना लागलेल्या जागेपेक्षा सुमारे एक पंचमांश अधिक जागा लागते, हेही निर्गमद्वार आखताना विसरून चालत नाही.

झडप नको असेल तर मधला मार्ग म्हणजे द्वार सरळ उड्डाणाच्या गरजेहून थोडे मोठे ठेवणे व त्याच्या पुढल्या कडेला बाहेर झुकलेली छोटी पट्टी लावून मागे किंचित चोषण निर्माण करणे. यात चढताना थोडे शीतन आणि सरळ उड्डाणात थोडा वेग, असे दोन्हींकडे पाणी सोडावे लागते. थंड देशातील बांधणाऱ्याला ते पत्करता येईल. आपल्या उन्हाळ्यात चढण व सरळ उड्डाण यांच्या गरजांतील अंतर एवढे वाढते की झडपेचे वजन व खटाटोप सार्थकी लागतात असे मला वाटते. निर्गमाच्या वाटेत अग्निरोधक भिंतीचा खालचा काटकोनी कोपरा बहुधा येतो. तेथे पत्र्याचा मोठा गोलाकार वळसा बसविला तर हवा न अडखळता मागे वळते. खर्च नगण्य, लाभ ठळक.

येथे वाचकांच्या मनात एक प्रसिद्ध प्रश्न येईल. 1935 साली इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधक एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी दाखवून दिले की बंद मार्गातून नेलेल्या शीतन-हवेला एंजिनाने दिलेली उष्णता वाया जाण्याचे कारण नाही. दाबलेली हवा तापून वेगाने बाहेर पडली तर ती विमानाला पुढे रेटू शकते. 1940 साली प्रथम उडालेल्या मस्टँग विमानाचा पोटाखालील स्कूप या तत्त्वाचे नामांकित उदाहरण आहे. मग आपल्या छोट्या विमानाचा रोधही या युक्तीने शून्यावर आणता येणार नाही काय? हिशेब निराशाजनक आहे. या परिणामाची मर्यादा गतिज दाबाचे भोवतालच्या दाबाशी जे प्रमाण असते त्यावर ठरते. ताशी 210 किलोमीटर वेगाला ते दोन टक्क्यांहूनही कमी आहे. परिणामी हवेला दिलेल्या 33 किलोवॅट उष्णतेपैकी आदर्श स्थितीतही अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे पाव अश्वशक्तीच, परत मिळू शकते. मस्टँगचा वेग याच्या तिपटीजवळ होता व लाभ नऊपटीच्या हिशेबाने वाढत होता. छोट्या विमानाने मस्टँगकडून घ्यावयाचे ते वेगळेच: शांतपणे रुंदावणारा मार्ग, सपाट उभा रेडिएटर, त्यामागे आकुंचित होत जाणारी नळी व शेवटी हलती झडप. हे सारे मेरेडिथ-परिणामाशिवायही गुणकारी आहे.

पोटाखालील स्कूपचा प्रश्न हल्ली अधिकच निघतो. रोटॅक्स 912 या प्रचारातील एंजिनात सिलिंडरांचे माथे द्रवाने व बाजू हवेने थंड होतात, त्यामुळे रेडिएटरसाठी वेगळे मुख लागते; इतर एंजिनांतही तेल थंड करण्याचा रेडिएटर असतोच. येथे सीमास्तराची अडचण उभी राहते. पृष्ठभागाला चिकटून सरकणारा हवेचा हा मंद थर लुडविग प्रांट्ल यांनी 1904 साली प्रथम विशद केला. नाकापासून अडीच मीटर मागे, ताशी 210 किलोमीटर वेगाला, आपल्या हवेत त्याची जाडी सुमारे चार सेंटिमीटर येते. दहा सेंटिमीटर उंचीचा स्कूप पोटाला चिकटवून बसविला तर त्याच्या मुखाचा चाळीस टक्के भाग या दमलेल्या हवेने भरतो. आतल्या वाढत्या दाबाला ती तोंड देऊ शकत नाही. वरच्या भिंतीवर थबकते, उलटी फिरते, आणि रेडिएटरचा निम्मा भाग कोरडाच राहतो. मस्टँगच्या स्कूपचा ओठ पंखाच्या खालच्या पृष्ठापासून अंतर सोडून ठेवला आहे तो यासाठीच. हौशी बांधणाऱ्याने तीनचार सेंटिमीटरांची मोकळी घळ सोडावी व घळीतील हवेला दोन्ही बाजूंनी निसटण्यास वाट ठेवावी. 1945 साली अमेरिकेत सिद्ध झालेले पृष्ठात बुडलेले त्रिकोणी मुख अनेकांना मोहवते; बाहेर काहीच येत नाही म्हणून ते रोधरहित समजले जाते. आसनकक्षात ताजी हवा घेण्यास ते उत्तम आहे. रेडिएटरचा अडथळा मागे असता, आणि तेही पोटाच्या मागल्या भागात जाड सीमास्तराखाली, त्याच्याकडून पुरेशा दाबाची अपेक्षा करू नये.

प्रांट्ल यांच्याच हाताखाली गॉटिंगेन येथे 1936 साली डॉक्टरेट मिळविणारे डॉ. विष्णू माधव घाटगे पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 व पुष्पक या विमानांचे शिल्पकार झाले. 1958 साली उडालेले पुष्पक नव्वद अश्वशक्तीच्या काँटिनेंटल एंजिनाचे होते व देशातील उड्डाणसंघांतून अनेक वर्षे वापरले गेले. लहान एंजिनाने, आपल्या उन्हाळ्यात, शिकाऊ वैमानिकांच्या हातून वारंवार चढ-उतार करवून घेणे हे काम आखणीकाराची परीक्षा पाहणारे आहे. स्वतः विमान बांधणाऱ्याला एखादे जुने पुष्पक जवळून पाहावयास मिळाल्यास त्याने ती संधी दवडू नये.

शेवटी मोजमापाविषयी. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. प्लास्टिकची पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षराप्रमाणे वाकवून फळीवर बसवावी, तीत रंगीत पाणी घालावे, आणि एक टोक वरच्या कप्प्याशी व दुसरे खालच्या कप्प्याशी जोडावे. कप्प्यातील टोक बंद करून त्याच्या बाजूंना बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे वाऱ्याचा झोत सरळ नळीत न शिरता केवळ स्थिर दाब मोजला जाईल. आपल्या उदाहरणात चढताना पाण्याच्या दोन पातळ्यांत 65 ते 70 मिलिमीटर अंतर दिसावयास हवे. ते तसे दिसत असूनही माथे तापत असतील तर आडोशांच्या जागा, इंधनाचे मिश्रण व ठिणगीची वेळ तपासावी. मुखाला हात लावू नये. अंतर 40 वर अडकले असेल तर एक टोक काढून बाहेरच्या स्थिर दाबाशी जोडावे. वरच्या कप्प्याचा दाब बाहेरच्यापेक्षा 65 ने जास्त व खालच्याचा 25 ने जास्त निघाला, तर दोष निर्गमद्वारात आहे. वरचाच दाब 40 असून खालचा बाहेरच्याइतकाच असेल, तर फटी, मुखाची जागा अथवा ओठ यांकडे पाहावे, आणि याच एका परिस्थितीत, फटी बुजविल्यानंतरही दाब न वाढल्यास, कानस हाती घ्यावी. ही वाचने घेताना वैमानिकाने नळीकडे पाहत बसू नये. दुसऱ्या आसनावर नोंद घेणारा माणूस असावा, आणि एकट्यानेच उडावयाचे असल्यास नळीसमोर छोटा कॅमेरा बसवावा.